या आणि ये

किल्ली हरवून दाराबाहेर ताटकळणाऱ्या कितीतरी लोकांना कुलूपवाल्याने घरात घेतलं, पण स्वतः कधी कुणाच्या घरात आपणहून पाऊल टाकलं नाही. त्याचा नेमच होता तसा. कुलूप उघडलं की हा बाजूला सरकायचा आणि आतून 'या' ऐकू येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा. घरमालक आनंदाच्या भरात 'या' म्हणायला विसरला, तर हा बाबा पाणीसुद्धा बाहेरच प्यायचा. "दार उघडता येतं म्हणून आत जायचं नसतं," असं तो म्हणे. मरणाबद्दलही त्याचं मत तेच. "मेल्यावर माणूस कुठल्या तरी दाराबाहेर उभा असतो. आतून कुणी बोलावलं, तर जायचं."

त्याची बायको घरी पडदे शिवायची. असलं काही ऐकलं की तिचं डोकं उठायचं. "मेलं की संपलं. तुम्ही आधी जेवून घ्या," ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची.

एका सकाळी त्याने तिची कापड बेतायची कात्री तार कापायला वापरली आणि धारेची पार वाट लावली. ती संतापली. तेवढ्यात तो किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत दारातून म्हणाला, "येतो गं." निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं आणि घरातल्याने 'या' म्हणायचं, एवढं साधं असतं. ती म्हणाली, "जा एकदाचे!" दुपारी तो दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या गेला.

ते 'जा' तिच्या घशात अडकून बसलं. मेलं की संपलं म्हणणाऱ्या बाईला आता एकच हवं होतं, तो शब्द परत घ्यायचा होता. पण परत कुणाकडून घेणार?

मग एका दुपारी, त्याच्या जेवायच्या वेळेला, दाराचं लॅच आपोआप फिरलं. खट् आवाज झाला. तिने धावत जाऊन पाहिलं, तर जिना रिकामा. तिने दार नीट लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने वरची कडीही लावली, तर आधी कडी सरकली, मग लॅच फिरलं, अगदी सावकाश, रंग न खरवडता. दार मात्र कुणी ढकललं नाही.

"तोच आहे," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण लेकाचा हात त्या आवाजावरून ओळखायच्या. "बोलावल्याशिवाय नाही यायचा तो. बोलाव त्याला."

"तुम्हीच बोलवा ना."

"मी हाक मारली, तर आईला न्यायचंय असं वाटायचं त्याला. मला एवढ्यात नाही जायचं, बाई." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हे बघ, 'या' म्हणू नकोस. 'ये' म्हण. बाहेर तो एकटा नसतो. ज्यांना कुणीच बोलावत नाही, असे पुष्कळ असतात."

आता आली का पंचाईत! उभ्या संसारात तिने नवऱ्याला कधी 'अरे' म्हटलं नव्हतं. 'अहो' आणि 'तुम्ही', भांडणातसुद्धा. ती मशीन चालवत दिवसभर पुटपुटत राहिली, "ये, ये, ये." शेजारणीला वाटलं, मांजराला बोलावतेय.

दुपारी लॅच फिरलं. ती दाराशी गेली. तोंडातून सवयीने निघालं, "या."

दार उघडलं. आधी जुडगा खुळखुळला. तो तिच्या अंगावरून पुढे गेला आणि त्याच्या नेहमीच्या खुर्चीशी थांबला. तिला इतका आनंद झाला की भीती वाटायचं राहूनच गेलं. "अहो, त्या दिवशी मी रागात..." ती बोलू लागली.

पण दार उघडंच होतं. मागून आणखी पावलं आली. वाळत घातल्यासारखे टांगलेले अर्धवट शिवलेले पडदे एकामागून एक हलले, दाटीतून खांदे घासत जावेत तसे. स्टूल सरकलं. मशीनचं पायडल कुणी तरी दाबून पाहिलं. खोलीत श्वास घ्यायला हवा पुरेना. सासूबाईंनी पाय पोटाशी घेऊन जागा करून दिली आणि विचारलं, "किती जणांना बोलावलंस गं?"

सगळ्यांना जा म्हणावं, तर तोही जाणार, आणि पुन्हा तिच्याच 'जा'ने जाणार. एकट्याला थांबवायचं कसं? मग तिला सुचलं. आयुष्यात जे जमलं नव्हतं ते तिने जीव एकवटून केलं.

"तुम्ही जा," ती दाराकडे बोट दाखवून ओरडली. मग खुर्चीकडे वळून, लाजत, रडत म्हणाली, "तू थांब."

पावलं निघाली. पडदे उलट दिशेने हलले. हवा मोकळी झाली. आणि सगळ्यांत पुढे, मुकाट्याने, जुडगा खुळखुळत जिना उतरून गेला. तिच्या तोंडचा 'तुम्ही' म्हणजे आपणच, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"अहो!" ती किंचाळली. बाहेरून लॅच फिरलं, मग कडी बसली. काम झाल्यावर दार नीट लावून जायची त्याची पद्धतच होती.

खोलीत खुर्ची करकरली. कुणी तरी खुर्चीवरून उठलं आणि तिच्या अगदी जवळ येऊन, लाडाने, थांबलं. सासूबाईंनी कान टवकारले.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हा आपला नाही गं."