मयताच्या कापडाची भिंत

वादळाच्या तयारीची आमच्या गावची यादी माझ्या हातची. पाण्याची पिंपं, कंदील, दोरखंड, बिस्किटांचे डबे, खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या, म्हाताऱ्यांची औषधं, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. लाटेनं जुनं गाव नेल्यापासून आम्ही टेकडीवरच्या पत्र्याच्या घरांत राहतो, त्यामुळे वारा सुटला की शाळेचा पक्का हॉल हाच आसरा. राजधानीहून, नुकुआलोफाहून आलेल्या साहेबांनी यादी बघून माझी पाठ थोपटली, तेव्हा आठवडाभर मी कुणाशी धड बोलत नव्हते, इतकी चढून गेले होते.

त्या दिवशी दुपारी वादळ येणार होतं. सकाळी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून फोन आला. तिथल्या हॉलचं छप्पर हललंय, तीस माणसं पाठवू का? "विचारताय काय? पाठवा!" मी म्हणाले. ट्रक आला आणि त्यातून दोन बायकांच्या आधारानं कालोलाइने आत्या उतरली. मागून तिचं भलंमोठं गाठोडं. मला इतका आनंद झाला की मी तिला थेट आत नेऊन चटईवर बसवलं.

पाणी घेऊन परत आले तर खिडकीजवळची बाबांची चटई रिकामी. काठीही नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्यात मिसरूड फुटलं की भाऊ बहिणीच्या खोलीत बसत नाही. तिच्यासमोर थट्टामस्करी नाही, आवाज चढवणं नाही. हा रुसवा नव्हे, मान आहे. बहीण वयानं धाकटी असली तरी भावाहून थोरच. हल्लीची पोरं एवढं पाळत नाहीत. ही दोघं मात्र साठ वर्षं पाळत आली होती. हॉल एकच, आणि माझ्या यादीत कोण कुणाची बहीण याला रकानाच नव्हता. स्वतःच्या बापाचं मला सुचलं नाही, आणि म्हणे मी तयारी केली.

बाबा अंगणातल्या पावाच्या भट्टीच्या शेडमध्ये बसले होते. वरचा पत्रा एका कोपऱ्यानं उचलायला लागला होता.

"बाबा, आत चला. हा पत्रा तासाभरात उडेल."

"तिला नीट जागा दिलीस ना? दारापाशी नको, गार लागतं तिला."

"तुम्ही इथे मराल!"

"ओरडू नकोस, आत ऐकू जाईल. तुझ्या यादीत माझ्या नावापुढे खूण झालीय ना? मग झालं तर." वर हसले. मला रडूच फुटलं.

आत आले तर आत्या उभी. "तुझा बाप, पेनिसिमानी, बाहेर गेलाय. मला बघून. हो ना?"

मी मान हलवली.

"मग मी जाते बाहेर. त्याचा गुडघा दुखतो."

"आत्या, पाया पडते, बस! मी काहीतरी आडोसा करते." पण करणार कशाचा? ताडपत्र्या सगळ्या खिडक्यांना ठोकलेल्या.

"ते गाठोडं सोड," आत्या म्हणाली.

आत झाडाच्या सालीचं कापड होतं. दोन वर्षं साली कुटून, चिकटवून, रंगवून तिनं ते केलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं ते कशासाठी ठेवलंय.

"आत्या, हे तर तुझ्या..."

"माझ्या मयताचं आहे. मीच केलंय, मला नको सांगूस. अजून मेले नाहीये ना मी? बांध."

दोरखंडावर ते कापड हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलं. बाबांना मागच्या दारानं पलीकडे आणलं. ते भिजून कुडकुडत होते. थोड्याच वेळात भट्टीचा पत्रा उडून गेल्याचा आवाज आला.

मग वादळ आलं. बाबांच्या बाजूची एक फळी निखळली, पाऊस आडवा आत घुसला आणि दोरखंडाची गाठ सुटली. कापड खाली येणार तोच बाबांनी दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहून वरची कड धरली. इकडे आत्यानं उठून खालची कड मुठीत घट्ट आवळली. इतर लोक फळी ठोकायला धावले, पण या दोघांनी काही कड सोडली नाही. सालीचं कापड पाण्याला टिकत नाही. रंग ओघळले, डिंक सुटला आणि कापड मधोमध टरकन फाटलं.

समोरासमोर दोघं, हातभर अंतरावर. साठ वर्षांत इतक्या जवळ कधी आली नसतील. दोघांनी त्याच क्षणी पाठ फिरवली. हातातले तुकडे मात्र सोडले नाहीत. वारा पडेपर्यंत दोघं तशीच पाठीला पाठ लावल्यासारखी उभी होती.

"लुसेआने," आत्या हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला म्हणावं, आता बस."

बाबांना ते स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हणाले, "बाबा, आत्या म्हणते, बसा."

"तिला म्हणावं, कापड गेलं तिचं. माझ्यामुळे."

मी आत्याकडे वळले. तिनं डोळे पुसले.

"त्याला म्हणावं, कापड गेलं तरी भाऊ आहे ना."