फौजदाराचे बूट

माणसाला नोकरी कशाने लागते, तर जिद्दीने, अभ्यासाने आणि चारित्र्याने, असं मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. लटारूला मात्र सुरुवात बुटांपासून करावी लागली, कारण गावात बुटांचा एकच जोड होता आणि तो त्याच्या सासऱ्याचा होता.

साल चोपन्न. वडशापासून दोन कोसांवरचं आमचं गाव, मी तिथला एकुलता एक मास्तर. जंगल खात्यात रान राखणाऱ्या नाकेदारांच्या दोन जागा निघाल्याचा कागद आला, तो मीच वाचून दाखवला. उमेदवाराने सोळा मैल चार तासांत चालून दाखवावं, बूट स्वतःचे आणावेत, मग साहेब तोंडी प्रश्न विचारतील. सगळे पांगल्यावर लटारू मागं थांबला आणि अर्ज लिहून द्या म्हणाला.

लटारू पाच वर्षं घरजावई होता. सासरे रामाजी माणूस वाईट नव्हते. रोज जेवताना ते एवढंच म्हणायचे, "जावई, भात अजून घ्या." पण त्या 'अजून'वर त्यांचा आवाज असा काही टेकायचा, की लटारू गेली पाच वर्षं अर्धपोटी उठत होता. नाकेदाराला नाक्यावर एक खोली मिळते, हे कळल्यापासून त्याची बायको मनकर्णा खोलीत चूल कुठं मांडायची ते जमिनीवर कोळशाने काढून बघत होती.

बूट रामाजींचे, कारण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात फौजदार तेच व्हायचे. वीस वर्षं ते दर हिवाळ्यात एका रात्रीपुरते फौजदार होते आणि उरलेलं वर्ष त्याच रुबाबात धान पेरत. त्यांनी बूट दिले, पण अटींवर. चिखलात घालायचे नाहीत, दगडावर घासायचे नाहीत, आणि घालून उभं कसं राहायचं ते त्यांच्याकडून शिकायचं. सरकारी नोकरीतला गावातला सगळ्यात अनुभवी माणूस आपणच, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद घालायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

बूट दोन बोटं मोठे निघाले. मनकर्णाने पुढं भाताच्या पेंढ्याचं तणस कोंबलं. लटारू महिनाभर पहाटे बांधावरून चालला, आणि चालताना असा आवाज करायचा की बगळे उडून जात. संध्याकाळी माझ्याकडे तोंडी प्रश्न. झाडांची नावं मी विचारायची, त्याने सांगायची. आठ दिवसांत मला साठ झाडं ओळखता यायला लागली. नोकरी का हवी, या प्रश्नाला तो सासऱ्याच्या घरून निघायचंय म्हणाला. ते मी खोडलं आणि वनसंपत्तीच्या रक्षणासाठी असं पाठ करून घेतलं. ते वाक्य म्हणताना तो प्रत्येक वेळी घसा साफ करायचा.

परीक्षेच्या दिवशी मी रेंज कचेरीच्या ओसरीवर बसून राहिलो. उमेदवार सात. दोन पोरं चांद्याहून आली होती, पायात कॅनव्हासचे पांढरे जोडे. सहाला रेंजर साहेबांनी घड्याळ बघून हात खाली केला आणि ती दोघं पळतच सुटली.

पुढचं मला नंतर कळलं. मैलभर आत वाटेवर वाघाचे ताजे माग होते. तिथं चांद्याची दोघं उभी राहून बाकीच्यांची वाट बघत होती. मग आमच्याकडे रानात चालतात तशी रांग लागली. वाट ठाऊक असणारा पुढं, म्हणून झिंगू नावाचा जंगलगावातला गोंड पोरगा पुढं झाला. कच्चे मध्ये. अंगात जोर असेल तो सगळ्यात मागं. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही. लटारूने बूट काढले, गळ्यात अडकवले आणि मागं गेला.

दहाला पाच मिनिटं कमी असताना रांग रान सोडून बाहेर आली. कचेरी दिसताच पांढऱ्या जोड्यांना पुन्हा पाय फुटले आणि ती दोघं पहिली-दुसरी आली. साहेब नावं लिहीत गेले. झिंगू तिसरा. सातवा लटारू, अनवाणी, एका लंगडणाऱ्या पोराची पिशवी त्याच्या खांद्यावर. मी मान खाली घातली. एक महिना आणि साठ झाडं वाया गेली होती.

साहेबांनी त्याला समोर बोलावलं. "तू दमलेला दिसत नाहीस. मग शेवटी का आलास?"

"शेवटी कोणी तरी लागतेच ना साहेब. वाघ तं मांगून येते."

"नोकरी गेली असती तर?"

लटारूने घसा साफ केला. आता वनसंपत्ती येणार, म्हणून मी डोळे मिटले. पण तो म्हणाला, "त्याचा इचार नाल्यापाशी केला होता साहेब. तवाच हा पोरगा लंगडाले लागला."

साहेबांनी मग सातही जणांना एकेकटं बोलावून पुढं कोण होता आणि मागं कोण होता, एवढंच विचारलं. लिहिलेल्या कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली दोन नावं लिहिली, झिंगू आणि लटारू. पांढऱ्या जोड्यांनी तक्रार केली, ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

दिवाळीनंतर लटारू नाक्यावर राहायला निघाला. डोक्यावर गाठोडी, सहा मैल रान. मनकर्णा आणि मी मध्ये. लटारू सवयीने मागं जायला लागला, तर रामाजी म्हणाले, "तुमी पुढं व्हा." साठीचा माणूस पूर्ण वाट सगळ्यात मागं चालला.

खोली लहान होती, चूल कोळशाने काढली होती तिथंच बसली. जेवताना लटारूने भात वाढला आणि म्हणाला, "मामाजी, अजून घ्या." त्याच्या मनात काही नव्हतं. रामाजींचा हात ताटावर थांबला. मग त्यांनी भात घेतला आणि सगळा संपवला.

निघताना ते लटारूचा हात धरून त्याला चिंचेखाली घेऊन गेले. मनकर्णाने पदर डोळ्याला लावला. मीही दुसरीकडे बघितलं, पण कान तिकडेच होते.

"जावई," रामाजी खालच्या आवाजात म्हणाले, "एक मांगणं हाय. मंडईले आठच दिस राह्यले. तुमाले सरकार देईनच. ते बूट आताच देजा, अन् तेवढं तणस काढून देजा."