कपाळापर्यंतची नात

एनिडच्या घरी माझ्या नातीला डोळे होते. माझ्या घरी नव्हते.

तेव्हा कॉम्प्युटरवर फोटो वरून खाली, एकेक पट्टी करत उमटायचा. आधी मागची भिंत, मग टोपरं, मग कपाळ. भुवयांशी आला की लाइन तुटायची. पुन्हा नंबर लावा, पुन्हा ती शिट्टी, ती खरखर, तो घसा साफ केल्यासारखा आवाज, आणि पुन्हा पहिल्यापासून भिंत. असे तीन महिने मी फ्लोराला कपाळापर्यंतच ओळखत होते.

हे दोन हजार सालचं. आम्ही न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, साउथलँडात राहतो. आमचा रस्ता जिथे संपतो तिथे दोनच घरं: एक आमचं आणि दुसरं माझ्या धाकट्या दिराचं, मर्डोचं. एनिड त्याची बायको, माझी जाऊ. शाळेने जुने कॉम्प्युटर लिलावात काढले तेव्हा दोघींनी एकेक घेतला. एकाच ट्रेलरमधून ते आले. मोडेमही सारखेच. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात वेग दिसायचा, तो तिच्याकडे अठ्ठावीस हजार आणि माझ्याकडे नऊ. तेही नशीब चांगलं असलं तर.

माझा मुलगा फिनले नोकरीसाठी स्कॉटलंडला, अ‍ॅबर्डीनला गेला होता. शेवटी त्याने लिहिलं, ‘आई, तुझ्याकडे फोटो पोचतच नाहीत. मी एनिडकाकूकडे पाठवत जाईन, ती दाखवेल तुला.’

एनिडला मूल नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वर्षी मला त्याचीसुद्धा भीड वाटली नाही.

दर रविवारी चर्चहून परतताना मी तिच्याकडे जायची. ती गरम चीज रोल पुढे करायची आणि कॉम्प्युटरसमोरची खुर्ची स्वतः घ्यायची. मी बाजूच्या स्टुलावर.

“ये ये, नोला. फ्लोराला दात आलाय!”

“कधी?”

“मंगळवारी. तुला फोन करणार होते गं, पण लाइन मीच अडवून बसले होते.”

माझ्या नातीचा दात. मंगळवारचा. मला रविवारी.

फोटोच्या खाली फिनलेचं पत्र असायचं, दोन-दोन पानी. माझी नजर तिकडे वळली की एनिड ते पटकन बंद करायची.

“काय लिहितो गं एवढं?”

“काही नाही. इकडचं तिकडचं.”

माझ्या पोटचा पोरगा, आणि त्याचं इकडचं तिकडचं हिच्याकडे! घरी येताना मी गेट इतक्या जोरात लावायची की गायी माना वर करून बघायच्या.

जूनअखेरीस मी फोन कंपनीचा माणूस बोलावला. त्याने कॉम्प्युटरला हातही लावला नाही. रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला.

“ऐका.”

टक. टक. टक. सेकंदाला एक.

“हे तर नेहमीचंच आहे,” मी म्हटलं. वीस वर्षं त्या टकटकीवरूनच आम्ही बोलत होतो.

“हे तुमचं विजेचं कुंपण आहे, बाई. त्याच्या अर्थिंगच्या सळ्या फोनच्या केबलला खेटून ठोकल्यात. कुंपणाचा प्रत्येक झटका जमिनीतून तुमच्या लाइनवर येतो. बोलताना चालून जातं, मोडेमला नाही चालत.”

“मग कुठे ठोकू?”

“ओढ्यापाशी. लांब आहे, पण ओली जमीन आहे, कुणालाच त्रास नाही. त्या झाडांच्या रांगेत मात्र नको हं. तिथून तुमच्या जावेची केबल जाते. ही टकटक उचलून तिच्या घरात टाकल्यासारखं होईल.”

बिचाऱ्याने बजावायचं म्हणून बजावलं. मी त्याला चहाबरोबर केकचा दुसरा तुकडा दिला.

ओढा तीनशे मीटरवर होता आणि झाडांची रांग तीस पावलांवर. पुढे अ‍ॅलिस्टरला, माझ्या नवऱ्याला, मी अंतराचंच कारण सांगितलं. ते खोटं होतं. बुधवारी तो गुरांच्या बाजाराला गेला, तेव्हा मी जुन्या पाइपचे तीन तुकडे झाडांच्या रांगेत नेले आणि घण घालून जमिनीत ठोकले, आणि कुंपणाची तार जुन्या सळ्यांवरून सोडवून त्यांना जोडली. अठ्ठावन्नाव्या वर्षी अंगात तेवढा जोर कुठून आला, ते मला पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेग सव्वीस हजार. फिनलेचा अडकून पडलेला फोटो पुन्हा उतरवला. भिंत आली, टोपरं आलं, कपाळ आलं, भुवया आल्या. आणि मग डोळे. अ‍ॅलिस्टरचे डोळे, जसेच्या तसे. मी त्याला हाक मारायची सोडून एकटीच बघत बसले. मग फिनलेला कळवलं, फोटो आता माझ्याकडेच पाठव.

पुढच्या रविवारी एनिड माझ्याकडे आली. स्टुलावर बसली.

“आमची लाइन पार बसली बघ. टकटक सुरू झालीय. मर्डो रोज ट्रान्झिस्टर घेऊन कुंपणाच्या कडेने हिंडतोय.”

आमच्याकडे असंच शोधतात. कुंपणातून वीज जिथे गळत असेल तिथे रेडिओ कडकडतो.

“सापडेल,” मी म्हटलं. “फ्लोरा रांगायला लागली.”

“अय्या! कधी?”

“गुरुवारी.”

खोटं कशाला बोलू, तो ‘गुरुवार’ तोंडात फार गोड लागला.

पण फिनलेची पत्रं मात्र वाढेनात. ‘फोटो सोबत. सगळे ठीक. पाऊस आहे.’ एवढंच. माझ्या मनाने घेतलं की लांब पत्रं अजून तिकडेच जातात. फोटो जड असतात, अक्षरं हलकी, फुटक्या लाइनमधूनही निसटत असतील. कुंपणाच्या यंत्राला जोर कमीजास्त करायचं बटण होतं. मी ते शेवटपर्यंत फिरवलं.

चौथ्या रविवारी एनिड आली ती कोट न काढताच.

“मर्डोची कंबर धरलीय. तीन आठवडे त्या चिखलात वाकून वाकून... उठताच येत नाहीये त्याला. डॉक्टरांना फोन करू दे. आमच्या फोनवर टकटकीपुढे शब्दच ऐकू येत नाही.”

तिने रिसीव्हर उचलला, पण नंबर फिरवला नाही. नुसती ऐकत राहिली.

“नोला, तुझ्या फोनवर टकटक नाही.”

“हो, तो माणूस येऊन गेला ना.”

“काय केलं त्याने?”

“सळ्या हलवायला सांगितल्या.”

“कुठे हलवल्यास?”

मी बशा शोधू लागले. त्या समोरच होत्या.

तिने आधी डॉक्टरांना फोन केला. पत्ता, दुखणं, सगळं नीट सांगितलं. मग रिसीव्हर ठेवून खिडकीशी गेली. तिथून झाडांची रांग दिसते.

“चाळीस वर्षं याच कुंपणात काढलीत मी. मला कळणार नाही वाटलं तुला?”

“ओढा लांब होता.”

“हो का? लांब होता? आणि मी नवऱ्याला म्हणत होते, तुझीच चूक असणार, नीट बघ, पुन्हा जा!”

“तुला तो दोन-दोन पानं लिहितो,” माझ्या तोंडून निघून गेलं. “मला तीन ओळी.”

“मी त्याला प्रश्न विचारते, नोला. तू सल्ले देतेस.” ती दाराशी थांबली. “तुला मुलगा आहे. मला नुसती एक तार होती. तीसुद्धा तुला बघवली नाही.”

मी आधी जाऊन ते यंत्र बंद केलं. सोमवारी सकाळी ओढ्यापर्यंत तार ओढायला घेतली. अ‍ॅलिस्टरला खरं काय ते सांगितलं. त्याने बूट चढवले. मग म्हणाला, “घण हवा असेल तर शेडमध्ये आहे,” आणि भावाकडे निघून गेला. दुपारी मी पहिला पाइप ठोकत होते, तर चिखलातून एनिड येताना दिसली. मला वाटलं, संपलं बाई.

“माफ करायला आलेले नाही,” ती म्हणाली. “खोल ठोकतेस की नाही ते बघायला आलेय. हा वर राहिलाय. अजून.”

तिन्ही पाइप होईपर्यंत ती हाताची घडी घालून उभी होती. मग घरी जाऊन तिने रिसीव्हर कानाला लावला असणार, कारण त्या संध्याकाळी तिचा फोन आला. “गेली,” एवढंच म्हणून तिने तो ठेवला.

मर्डो अकरा दिवस अंथरुणात होता. मी रोज सूप नेत होते आणि तो बिचारा दर वेळी म्हणायचा, “नोला, तुझ्यासारखी भावजय नशिबाने मिळते.” एनिड त्याची उशी सारखी करायची आणि माझ्याकडे बघायची. तिने त्याला ते कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात मी फिनलेला पत्र लिहायला बसले. स्वेटर घाल, पैसे जपून वापर, फ्लोराला वाऱ्यात नेऊ नकोस, हे सगळं लिहून झालं होतं. ते मी पुसलं आणि एकच ओळ लिहिली: ‘कामावर जाताना रस्त्यात काय दिसतं रे तुला?’

उत्तर दीड पानाचं आलं. त्यात बंदर होतं, सीगल पक्षी होते, त्याच्या हातातला पाव पळवणारा एक लंगडा सीगलही होता. मी हसले, पुन्हा वाचलं, आणि वाचताना निम्मं लक्ष खिडकीबाहेर, एनिडच्या घराकडे होतं. तिला त्या आठवड्यात किती पानं आली, ते मी विचारलं नाही. रविवारी चीज रोल खाताना ते अगदी ओठांवर आलं होतं.