म्हाळसाबाईची हाळी

म्हाळसाबाईचा आवाज काय चीज आहे, हे बजाजनगरात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिकडं वैजापूरच्या माळावर ती हाळी द्यायची, तेव्हा पल्याडच्या टेकाडावरची मेंढरंसुद्धा माना वर करायची. पण लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला, चारा संपला, कळप विकावा लागला आणि कारखान्यात कामाला असलेल्या भारतनं आईला आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं.

इथं भिंतीला भिंत. म्हाळसाबाई नुसतं "भाकर झाली का गं?" म्हणाली तरी शेजारचं बाळ दचकून रडायला लागायचं. सून रत्नमाला गुणाची होती, पण चारचौघांत तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आत्याबाई, जरा हळू बोला की," ती विनवायची. म्हाळसाबाईनं मग मोठ्यानं बोलणंच टाकलं. पोटाला कमी नव्हतं, लेक-सून जीव लावत होती. पण आपण आता कशाच्याच कामाच्या उरलो नाही, हे तिच्या मनानं घेतलं. जिच्या एका हाकेवर अख्खा कळप वळायचा, तिनं आता कुजबुजत चहा मागायचा! हे काय जगणं झालं?

त्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले. टँकर यायचा, पण कधी आणि कुठल्या गल्लीत, ते त्या ड्रायव्हरलाच माहीत. एका दुपारी म्हाळसाबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. बघते तर टँकर मागच्या गल्लीत शिरतोय आणि खाली चिटपाखरू नाही. तिला भान राहिलं नाही. कमरेवर हात ठेवून तिनं हाळी दिली, कळपाला पाण्यावर बोलवायची तीच.

"हिर्रर्र... हाऽऽ हाऽऽ हाऽऽ!"

कुत्री उठली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. धडाधड दारं उघडली. "कोण पडलं? कुठं पडलं?" शेजारची लीलाबाई ओरडत बाहेर आली. मग टँकर दिसला आणि हंडे-कळशा घेऊन एकच धावाधाव झाली.

रत्नमालानं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, माणसांना मेंढरांवानी बोलावलं तुमी!"

म्हाळसाबाईचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी लीलाबाई दारात उभी राहिली, तेव्हा आता भांडण होणार हे सासू-सुनेनं धरूनच ठेवलं. म्हाळसाबाईनं आपणहून सांगून टाकलं, "बाई, ती हाळी मेंढरांची व्हती. चुकलं माझं."

लीलाबाई पोट धरून हसली. "मेंढरं तर मेंढरं! आज पहिल्यांदा सगळे हंडे भरले माझे. उद्या बी द्या, मावशी. पण जरा मोठ्यानं, आमच्या सासूबाईला कमी ऐकू येतं."

मोठ्यानं! हा शब्द ऐकून म्हाळसाबाईला त्या रात्री दोन भाकरी जास्त गेल्या. उरलेला सगळा उन्हाळा तिनं गच्चीवर राज्य केलं.

मग पाऊस बरा झाला, नळाला पाणी आलं, टँकर बंद झाला. लोक खूश झाले. म्हाळसाबाईही खूश झाली, नाही असं नाही. पण घरात पुन्हा तिची कुजबुज सुरू झाली. या वेळी मात्र ती रत्नमालालाच सोसेना.

"आत्याबाई, वर चला. एक हाळी द्या."

"कशापायी? टँकर कुठं हाय?"

"उगंच द्या."

"उगंच कुणी हाळी देतं व्हय, येडे?"

"मला ऐकायचीय."

म्हाळसाबाईनं सुनेकडं निरखून पाहिलं. पोरगी थट्टा करत नव्हती. मग तिनं गच्चीवर जाऊन छातीभर श्वास घेतला आणि अशी हाळी दिली, की चारही गल्ल्या दणाणल्या. सवयीनं बायका हंडे घेऊन पळत बाहेर आल्या.

"मावशी, कुठंय टँकर?" लीलाबाईनं खालून विचारलं.

म्हाळसाबाई कठड्यावरून वाकली आणि मोकळं हसली.

"टँकर नाय गं. मी हाय!"

"मग वर काय करताय?" लीलाबाईनं हंडा खाली ठेवला. "या की खाली, चहा टाकते."