आधी तू बघ

चष्मेवाल्यांना प्रवासाची हौस आहे असं कुणी म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी चष्मेवालेच हसले असते. उभा जन्म त्यांनी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत काचा घासण्यात घालवला. गिऱ्हाइकांना लांबचं दिसावं म्हणून स्वतः वीतभर अंतरावरचं बघत बसले. सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून रस्ता बघायचा, एवढीच काय ती त्यांची चैन. घरात पायाला भिंगरी होती ती त्यांच्या बायकोच्या, आणि ती बिचारी सगळी नोकरीभर बाळंतिणींच्या वॉर्डात या खाटेपासून त्या खाटेपर्यंतच फिरली.

बायको नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, म्हणून नवराही चेष्टेने सिस्टरच म्हणायचा. सिस्टरांच्या ड्यूटी रूममध्ये एक जुनं कॅलेंडर होतं, कुठल्याशा औषधवाल्याने दिलेलं. वर्षं उलटली, तो औषधवाला गेला, पण ते एक पान कुणी काढलं नाही, कारण त्याच्यामागे भिंतीचा पोपडा निघाला होता. पानावर एका कड्याच्या टोकाला एक रानबकरा उभा. शिंगं अशी वाकडी आणि लांब, की पाठीला टेकतील. चहा पिताना सिस्टर त्याच्याकडे बघायच्या. निवृत्त झाल्यावर हार, पेढे, भाषणं सगळं उरकून घरी आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "अहो, मला तो बकरा बघायचाय. खराखुरा. आणि विमानात बसून भुर्रकन जायचं नाही. जमिनीवरून जायचं, वाटेत जे काय दिसेल ते बघत बघत."

चष्मेवाले म्हणाले, "बरं." त्यांना वाटलं, महिनाभरात हौस फिटेल. आता बोला! त्याला दीड वर्ष होत आलं होतं.

या दीड वर्षात दोघांनी काय काय केलं, ते ऐकून त्यांच्या मुलाने फोनवर हात टेकले होते. मिळेल त्या बसने जायचं, नदी आली की होडीने, बस नसेल तर एखाद्या ट्रकवाल्याशेजारी बसून. मुक्काम सगळ्यात स्वस्त खोलीत. तीही नसली तर दहाजणांच्या खोलीत वर एक, खाली एक. वरची खाट कायम सिस्टरांची. सोबत एक छोटा स्टोव्ह, एक पातेलं, दोन ताटल्या. नळावर कपडे धुवायचे आणि पाठीवरच्या बॅगेला बांधून चालता चालता वाळवायचे. पण बघितलं किती! पाणमांजरांचं अख्खं कुटुंब बघितलं. पाणथळीवर उतरलेले लाखभर पक्षी बघितले. अस्वल बघितलं, अर्थात पुरेशा अंतरावरून. एका माकडाने त्यांचा साबण पळवला आणि चाखून तोंड वाकडं केलं, ते आठवून सिस्टर अजून हसायच्या.

दुर्बीण मात्र दोघांत एकच. जुन्या बाजारातून आणलेली. चष्मेवाल्यांनी ती उघडून आतली बुरशी काढली होती आणि काचा अशा लख्ख केल्या होत्या की दुकानदाराने बघितली असती तर परत मागितली असती. आता दुर्बीण एक आणि डोळे चार म्हटल्यावर काहीतरी नियम लागतो. तो असा पडला की ज्याला आधी दिसेल, त्याने दुर्बीण आधी दुसऱ्याला द्यायची. "आधी तू बघ." सुरुवातीला हे नुसतं सौजन्य होतं, पुढे त्याचा कायदा झाला. त्यात चष्मेवाल्यांना धंद्याची खोड. दुर्बीण हातात आली की आधी काचेवर हाः करायचं, फडक्याने पुसायचं, उजेडात धरून बघायचं, मग डोळ्याला लावायची. तोवर गरुड उडालेला, हरीण झाडीत शिरलेलं. "तुम्ही काच पुसेपर्यंत हत्तीसुद्धा निघून जाईल," सिस्टर म्हणायच्या. कितीतरी जनावरं या दोघांनी अशी एकमेकांना देता देता घालवली. पण नियम कुणी मोडला नाही.

आणि मग सिस्टरांच्या गुडघ्याने दगा दिला. बसच्या टपावरून बॅगा घेऊन शिडी उतरताना पाय मुरगळला आणि गुडघा नारळाएवढा सुजला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने फोटो काढला, तो खिडकीशी धरला आणि सांगितलं, "चढ अजिबात नाही. घरी जा, ऑपरेशन करून घ्या. आणि नंतरही डोंगराचं नाव काढू नका." सिस्टरांनी निमूट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "रानबकऱ्यांचा डोंगर इथून एका दिवसावर आहे. पायथ्यापर्यंत तर बस जाते ना?"

पायथ्याच्या गावात आठवड्यातून एकदाच बस यायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. म्हणजे हातात एक आठवडा. गावाच्या अगदी टोकाला, जिथून डोंगर सुरू होतो तिथे, एका म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या घरात त्यांना खोली मिळाली. दोन खाटा, एक खिडकी, पुढे दगडी कुंपणाचं अंगण. डोंगरावर राखणदाराची चौकी होती, तिथून पलीकडच्या कड्यावरचे बकरे दिसायचे. चौकी अंगणातून हाताच्या अंतरावर असल्यासारखी दिसायची, पण वाट म्हणजे नुसता चढ.

"तुम्ही जा," सिस्टर म्हणाल्या. "दुर्बीण घेऊन जा. बघा आणि मला येऊन सांगा."

"तुला सोडून? मला काय करायचेत बकरे?"

"अहो, इतक्या लांब आलोय. दोघांतल्या एकाने तरी बघायला नको?"

सिस्टरांचा हा वॉर्डातला आवाज होता. या आवाजापुढे भलेभले डॉक्टर गप्प व्हायचे, तिथे चष्मेवाल्यांची काय कथा. गेले.

पहिल्याच दिवशी राखणदाराने बोट दाखवलं. "ते बघा, कड्याखाली, पाच-सहा आहेत." चष्मेवाल्यांनी दुर्बीण काढली, हाः केलं, पुसली, उजेडात धरली, परत पुसली. राखणदार बघतच राहिला. "अहो साहेब, निघाले ते."

"जाऊ देत," चष्मेवाले म्हणाले आणि दुर्बीण खाली वळवून अंगणाकडे बघायला लागले. अंगणात खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर ठेवून, सिस्टर बटाटे सोलत होत्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. राखणदार वैतागला. तो तसा चांगला माणूस होता, चहा द्यायचा, पण त्याच्या डोंगराचा असा अपमान कुणी केला नव्हता. "तुम्ही बकरे बघायला आलात की बायको?"

चष्मेवाल्यांनी त्याला दुर्बिणीचा नियम सांगितला. "मी बघितले, तर संध्याकाळी ती विचारणार, दिसले का? मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. मग ती म्हणणार, बरं झालं, आणि तोंडभर हसणार. हौस तिची, गुडघा तिचा, आणि बघणार मी? माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही." त्यानंतर राखणदाराने बोट दाखवणं सोडून दिलं.

संध्याकाळी सिस्टर विचारायच्या, "दिसले?" चष्मेवाले म्हणायचे, "नाही." आणि ते खरंच होतं. सिस्टर हळहळायच्या, तेही यांच्यासाठी. "उद्या दिसतील हो तुम्हाला," असं म्हणून यांच्याच पाठीला तेल चोळून द्यायच्या. चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मालकीणबाईंना त्यांनी विचारूनही बघितलं, खाली कधी येतात का म्हणून. "कुत्रा आहे ना माझा," त्या म्हणाल्या. "त्याच्या भुंकण्याने बकरा सोडा, पोस्टमनसुद्धा येत नाही."

असा आठवडा संपला. शेवटच्या दिवशी सकाळी परतीची बस येऊन उभी राहिली, ती उद्या निघणार होती. चष्मेवाल्यांना वर जायची इच्छाच नव्हती, पण सिस्टरांनी पाण्याची बाटली भरून हातात दिली. "जा. आज दिसणार बघा तुम्हाला." मालकीणबाई कुत्र्याला घेऊन लांबच्या शेतावर निघाल्या होत्या. सिस्टरांनी दोघांच्या बॅगा रिकाम्या करून ऊन लागायला कुंपणावर टाकल्या, बरोबर चष्मेवाल्यांचा घामट सदराही, आणि नेहमीच्या खुर्चीवर बसल्या.

वर कड्यावर आज एकही बकरा नव्हता. "बर्फ वितळलं की असे मधेच कुठेतरी उतरतात," राखणदार म्हणाला. चष्मेवाल्यांनी मान डोलावली आणि दुर्बीण अंगणाकडे वळवली.

कुंपणाशी काहीतरी हलत होतं.

आधी त्यांना वाटलं, मालकीणबाईंच्या शेळ्या. मग एकाने मान वर केली, आणि शिंगं पाठीला टेकली. एक, दोन, मागच्या घळीतून आणखी दोन. ते कुंपणावरच्या बॅगांचे पट्टे चाटत होते. जन्मात पहिल्यांदा चष्मेवाल्यांनी काच न पुसता बघितलं होतं.

"घामाचं मीठ," राखणदार कानाशी कुजबुजला. "मिठासाठी वेडे होतात. कुत्रा नाही वाटतं आज?"

पण चष्मेवाल्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण कुंपण सिस्टरांच्या पाठीमागे होतं. दहा पावलांवर तिचा बकरा, कॅलेंडरातला, साक्षात. आणि ही बाई चौकीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघत बसलेली.

"अगं माझ्याकडे काय बघतेस," चष्मेवाले पुटपुटले. "मागे बघ. मागे."

"हाक मारू नका," राखणदार म्हणाला. "एक आवाज, की सगळे पसार."

जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते चष्मेवाल्यांना त्या दिवशी कळलं. आयुष्यभर त्यांनी हजारो लोकांना दिसायला मदत केली. अक्षरं मोठी करून दिली, धूसर होतं ते नीट करून दिलं. आणि आज स्वतःच्या बायकोची मान एवढीशी वळवता येत नव्हती. उद्या बस. मग ऑपरेशन, मग डोंगराचं नाव नाही. दुर्बिणीत सिस्टर इतक्या जवळ होत्या की खांद्याला धरून वळवावंसं वाटत होतं. त्यांनी हातातली बटाट्याची ताटली खाली ठेवली. उठतात की काय, या भीतीने चष्मेवाल्यांनी श्वास रोखला. उठल्या असत्या तर सगळंच संपलं असतं.

तेवढ्यात घळीतून शेवटचं एक पिल्लू बाहेर आलं. त्याला कुंपणावर चढता येईना. त्याने दोनदा उडी मारली, दोनदा घसरलं, आणि मग तोंड उघडलं.

वर काहीच ऐकू आलं नाही. पण चष्मेवाल्यांना दिसलं, की सिस्टरांची मान झटकन वळली. घरात झोपेतसुद्धा शेजारचं बाळ रडलं की ती अशीच वळायची. हजारो बाळांचं पहिलं रडणं ऐकलेला तो कान. एवढंसं पिल्लू ओरडलं आणि तो कान चुकला नाही.

मान वळली आणि बाकीचं अंग तसंच थांबलं. तापातल्या पेशंटशेजारी बसावं तशा त्या स्तब्ध बसल्या. मोठ्या बकऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग तो परत पट्टा चाटायला लागला. पिल्लू अखेर कुंपणावर चढलं आणि त्याने थेट चष्मेवाल्यांच्या सदऱ्याची बाही तोंडात धरली.

"दिसले हो तुमच्या बाईंना," राखणदार म्हणाला.

आणि मग सिस्टरांनी एक गोष्ट केली. बकऱ्यांवरची नजर न काढता त्यांनी आपला उजवा हात अगदी हळू बाजूला नेला. बाजूच्या रिकाम्या हवेत तो हात काहीतरी चाचपडला, शोधू लागला. चष्मेवाल्यांना क्षणभर कळेना, ही काय करतेय. मग कळलं. ती शेजारी बसलेल्या नवऱ्याला ढोसत होती. अहो, बघा. शेजारी कुणी नव्हतं, तरी हात तसाच पुन्हा पुन्हा चाचपडत राहिला.

"बघतोय गं," चष्मेवाले म्हणाले. "बघतोय, बघतोय." काच धूसर झाली. ती पुसून उपयोग नव्हता, कारण पाणी काचेच्या अलीकडे होतं.

बकरे गेल्यावर ते डोंगर उतरले, म्हणजे जवळजवळ घरंगळलेच. अंगणात सिस्टर तशाच बसल्या होत्या, मांडीवर चावलेल्या बाहीचा सदरा घेऊन.

"अहो, तुम्हाला सांगू काय झालं..."

"मी बघितलं सगळं." चष्मेवाल्यांना दम लागला होता. ते तिच्या खुर्चीशी जमिनीवरच बसले. "पण नियम मोडला मी. आज आधी मीच बघितले. काय करणार, तू त्यांच्याकडे पाठ करून बसली होतीस."

"पाठ कुठे?" सिस्टर म्हणाल्या. "मी तुमच्याकडे तोंड करून बसले होते. आठवडाभर रोज. तुम्हाला दिसतायत का, ते बघत."

नवरा-बायकोत आभार मानायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. मीठ मागितलं तरी "जरा दे" एवढंच म्हणायचे. पण चष्मेवाल्यांनी त्या दिवशी सिस्टरांचा सुजलेला पाय स्टुलावरून अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि सांगून टाकलं. "तू ओढून बाहेर काढलं नसतंस ना, तर मी त्या मागच्या खोलीतच मेलो असतो. काही न बघता. फार मोठे उपकार आहेत तुझे माझ्यावर."

सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग डोंगराकडे, मग परत त्यांच्याकडे.

"माझं आता सगळं बघून झालं," त्या म्हणाल्या. "चला, घरी जाऊ."