आधी शब्द, मग काडी

शुक्रवारी दुपारपासून रोशेल झेल्डिनचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. हॉलमधल्या खुर्च्या तिने आधी ओळीत मांडल्या, मग गोलात मांडल्या, मग पुन्हा ओळीत. तिची शाळेपासूनची मैत्रीण बेव्ह स्वयंपाकघरात शेवयांचा गोड कुगल भाजत होती. ती दारात येऊन म्हणाली की बाई, आता त्या खुर्च्यांना घेरी येईल, त्यांना सोड आणि इकडे येऊन काकड्यांचं लोणचं काढ. रोशेलने लोणचं काढलं, सांडलं आणि पुसलं. छपन्न वर्षांची बाई, पण परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी छाती धडधडत होती.

धडधडणार नाही तर काय! डेट्रॉइटच्या त्या उपनगरातलं हे मंडळ ज्यूंचंच, पण बिनदेवाचं. शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा सण, दर शुक्रवारी, सण सगळे, पोरांचे वयात येण्याचे समारंभ दणक्यात, वेणीसारख्या विणलेल्या पावावर तर उड्या पडायच्या. फक्त देवापुढे हात जोडणं नाही. नियम एकच आणि तो मात्र कडक, जे मानत नाही ते तोंडाने म्हणायचं नाही. म्हातारे रब्बी, म्हणजे मंडळाचे गुरुजी, थकून फ्लोरिडाला गेले आणि या असल्या मंडळाला नवा रब्बी काही मिळेना. मग ठरलं की आपल्यातल्याच कुणीतरी रीतसर शिकून मद्रिखा व्हावं, म्हणजे मंडळाची वाटाडी. लग्नं लावायची, बारशी करायची, मयतापाशी खरं तेच आणि बरं तेच बोलायचं. रोशेल शिकली. आज ती पहिल्यांदा शब्बाथ चालवणार होती आणि जेवणं झाली की हात वर करून मतं पडणार होती. ती पडली तर मंडळही पडलं. अर्धे लोक हमरस्त्यावरच्या मोठ्या, देव मानणाऱ्या टेंपलात जाणार आणि उरलेले घरी बसणार, हे लहान पोरांनाही माहीत होतं.

आणि तिला पाडायला सीमोर लपिडस टपून बसलेला.

सीमोर चौऱ्याऐंशीचा. तरुणपणी स्वतःच्या बैठकीच्या खोलीत त्यानेच चार मित्र जमवून हे मंडळ काढलं होतं. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला धार. रोशेलला तो कायम ‘पोरी’ म्हणायचा. त्याचा आक्षेप सरळ होता. रोशेलचे वडील सिनेगॉगमधले हझान, आयुष्यभर प्रार्थना गायलेले, आणि ती त्यांच्याच मांडीवर वाढलेली. आज ना उद्या ते जुनं हिच्या तोंडून बाहेर येणार, असं तो म्हणायचा. खोटं बोलून मंडळ चालवण्यापेक्षा दाराला कुलूप लावलेलं बरं, हेही तो भर बैठकीत बोलला होता. रोशेलला ते फार लागलं होतं.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. एरवी न फिरकणारेसुद्धा आले होते, मत द्यायला आणि बहुधा गंमत बघायलाही. रोशेलचं बोलणं झकास झालं. लोक हसले, एकदोघांनी डोळे टिपले. पहिल्या रांगेत सीमोर हाताची घडी घालून बसला होता, पण त्याच्याही कपाळावरची आठी सैल झाली. रोशेलच्या मनात उकळ्या फुटत होत्या. जमतंय की!

आता मेणबत्त्या. या मंडळाची रीत अशी की आधी शब्द, मग काडी. शब्द मंडळाचे स्वतःचे, जगातल्या उजेडाचं आणि माणसांतल्या उजेडाचं कौतुक करणारे. चाल मात्र जुनीच. रोशेलने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि आनंदाच्या भरात जीभ सरळ लहानपणीच्या वाटेला लागली. देवाचं नाव घेणारी जुनी प्रार्थना! वडिलांच्या चालीवर, खणखणीत!

आणि हॉल तिच्यामागे गाऊ लागला. सवय हो, दुसरं काय! निम्म्या हॉलचं बालपण याच शब्दांवर गेलेलं. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला रोशेल भानावर आली आणि थांबली. तिच्यामागे लोकही एकेक करत चपापून थांबले. एकच आवाज थांबला नाही. जाडाभरडा, डोळे मिटून गायलेला, आजोळच्या जुन्या उच्चारात तो शेवटच्या शब्दापर्यंत गेला. सीमोर लपिडसचा.

त्याने डोळे उघडले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. सीमोरचं तोंड उतरलं. इतकं म्हातारं ते कधीच दिसलं नव्हतं.

आता खोटं सांगून काय उपयोग, रोशेलला क्षणभर गंमत वाटलीच. सापडलास बघ बेट्या! एक टोमणा मारला असता तर हॉल पोट धरून हसला असता आणि तिची चूक त्या हसण्यात बुडून गेली असती. टोमणा ओठांवरही आला होता. तो तिने गिळला.

“मी आत्ता जे गायले, ते मी मानत नाही,” ती म्हणाली. “चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. पण गाताना मला देव दिसला नाही, आई दिसली. गित्तेल तिचं नाव. डोक्याला पिवळा रुमाल, हाताला कांद्याचा वास. तिला मी मानते. तुमच्या घरी मेणबत्त्या कोण लावायचं? नाव सांगा. आज आपले शब्द तेच.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. रोशेलला वाटलं, संपलं सगळं. मग स्वयंपाकघराच्या दारातून बेव्ह बोलली. तिच्याकडे बाबा लावायचे, आईला दुकानातून यायला उशीर व्हायचा म्हणून. मॉर्टी त्यांचं नाव. मग मागच्या रांगेतून एक नाव आलं, खिडकीकडून दुसरं, आणि बघता बघता नावांची झुंबड उडाली. एक तरुण बाई म्हणाली की आमच्याकडे कुणीच लावत नव्हतं, गेल्या वर्षापासून मीच लावते, माझंच नाव घ्या, टेस. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये असा गलका रब्बींच्या काळातही कधी झाला नव्हता.

मग सीमोर काठीवर भार देऊन उठला.

“फ्रुमा,” तो म्हणाला. “माझी आई. तुझ्या मेणबत्त्या म्हणजे थोतांड, असं तिला ऐकवून मी घर सोडलं होतं. ती एका शब्दाने बोलली नाही. शुक्रवारी माझं ताट झाकून ठेवायची. मी जात नव्हतो, तरी ठेवायची.”

रोशेल त्याच्याकडे निघाली, पण त्याने हात करून तिला तिथेच थांबवलं. टेबलावरची काड्यापेटी उचलून तोच हळूहळू चालत तिच्यापर्यंत आला आणि पेटी तिच्या हातात ठेवली.

“मद्रिखा,” तो म्हणाला, “मेणबत्त्या राहिल्यात लावायच्या.”