बाबांचे दहा फूट

बाबा "दहा मिनिटांत आलो" म्हणाले की आई चहाचं आधण अर्ध्या तासानं ठेवायची. एवढं सोडलं तर खाणीतला हा निवृत्त मुकादम म्हणजे अगदी सरळमार्गी माणूस, असा त्यांचा लौकिक होता. त्याचा पुरावा बैठकीच्या भिंतीवर टांगलेला होता: सर्वांत जास्त कोळसा काढणाऱ्या पाळीला मिळालेली ढाल. बाबा ती दर रविवारी स्वतः पुसत.

त्या संध्याकाळी लेक जेवता जेवता नकाशा पसरून बसली. ती खाणीत सर्व्हेयर. शेजारची जुनी खाण कधीच बंद पडून पाण्यानं तुडुंब भरलेली, आणि ते पाणी इकडे घुसू नये म्हणून मधे कोळशाचीच जाड भिंत राखलेली. नकाशावर ती साठ फूट होती. उद्या सकाळी त्यातले वीस काढायचे, चाळीस ठेवायचे. फक्त तिची सही बाकी होती.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी आडून आडून सुरुवात केली. जुन्या नकाशांवर फार विसंबू नये म्हणाले, आधी भोक पाडून बघावं म्हणाले, मग उगाच गुडघा दुखतोय म्हणाले. लेक मान वर न करता हूं हूं करत राहिली. उद्या बावीस माणसं त्या भिंतीपाशी उभी राहणार होती. बाबांनी ढालीकडे पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती भिंत आम्ही पलीकडून खाल्लीये," ते म्हणाले. "मी त्या खाणीत होतो तेव्हा. नकाशावर चढवलंच नाही. या ढालीपायी."

लेकीनं पेन खाली ठेवलं. "किती?"

"दहा फूट."

तिनं उठून साहेबांना फोन लावला आणि उद्याचं काम थांबवलं; आधी भिंतीत बारीक भोक पाडून बघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना घरात चैन पडेना. दोनदा चप्पल घालून दोनदा काढली. ढाल उतरवून पलंगाखाली सारली, तर भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा डाग उरला आणि तोच डोळ्यांत खुपू लागला. दुपारी लेक आली ती नखशिखांत भिजून.

"तिसाव्या फुटाला पाणी लागलं," ती म्हणाली. "लाकडी बूच तयारच होतं, ठोकून बसवलं. सगळे सुखरूप आहेत. त्या भिंतीला आता कुणी हात लावणार नाही."

बाबांचे डोळे भरून आले.

"साठातले तीस खाल्लेत, बाबा. दहा म्हणाला होतात."

"ढाल मोठी होती गं," ते पुटपुटले.

लेकीला हसू आवरेना. बाबांचे दहा म्हणजे तीस, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. म्हणून तर पंचविसाव्या फुटापासून तिनं बूच आणि घण घेऊन माणसं उभी केली होती आणि भोक वीतवीत पुढं नेलं होतं.

आईही स्वयंपाकघरातून बाहेर आली. लेकीनं नवी रेघ मारलेला नकाशा त्यांच्यापुढं ठेवला. खाल्लेलं कुणी, किती, ते लिहून खाली सही हवी होती.

"चष्मा शोधतो," बाबा म्हणाले, "दहा मिनिटांत करतो."

"आत्ता," मायलेकी एकदम म्हणाल्या. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.